पालीची पाठराखीण

यंदा नागावला बरी थंडी पडली आहे. सकाळी विहिरीवर गेलं की पाणी कोमट लागतं आणि सुपारीच्या वाडीत उन्हाचे कवडसे येईपर्यंत अंगावरची शाल काढवत नाही. थंडीत माणसांना काय काय आठवतं. कुणाला चहा, कुणाला शेकोटी, कुणाला गेलेली माणसं. मला हेवा आठवतो. एका थंडीत, माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी, मी कार्तिकापासून माघापर्यंत नुसती जळत होते, आणि ते जळणं इतकं सणसणीत होतं की त्यापुढे थंडी फारशी लागलीच नाही.

आठवायला कारणही तसंच झालं. माझी नात ठाण्याला असते. तिने परवा फोनवर सांगितलं, "आजी, मी ॲक्सोलॉटल आणलाय. तू घाबरशील, फोटो नाही पाठवत." मग म्हणाली, "टाकीत एकटा बोअर होत असेल ना गं? सोबतीला गप्पी मासे सोडू का?"

मी म्हटलं, "गप्पी नको. कल्ले कुरतडतील त्याचे."

पलीकडे फोन पडला की काय असं वाटलं. आजीला ही विद्या कुठून, हे तिला सांगायचं तर ती सगळी थंडी सांगावी लागेल. फोनवर ते होण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

साठच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. वैशाखात माझं लग्न झालं. मी तळे गावची, भातशेतीवाल्या घरातली. हे नागावचे, हायस्कुलात शास्त्र शिकवणारे. मी अठराची आणि हे एकतिसाचे. आमच्याकडे नवरीबरोबर पाठराखीण जायची रीत होती. नव्या घरात पोर बुजू नये म्हणून माहेरची कुणीतरी मुलगी चार दिवस सोबतीला द्यायची. माझ्याबरोबर धाकटी बहीण सुमी आली होती. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आता कशाची भीती? घर आपलंच हाय." आणि सुमी एसटीत बसली. घर त्यांचं होतं, मी त्यांची नव्हते. पण हे कुणाला सांगणार?

यांना सांगायची सोयच नव्हती, कारण हे माझ्याशी बोलतच नसत. वाईट वागत नसत, आवाज चढवत नसत, ताटात काही टाकत नसत. फक्त बोलत नसत. "पाणी", "छत्री", "येतो" एवढ्या तीन शब्दांवर आमचा संसार पावसाळाभर चालला.

आणि मग कार्तिकात ती आली.

यांचे एक मित्र मुंबईला कॉलेजात प्राण्यांच्या प्रयोगशाळेत होते. तिथे छपराचं काम निघालं. जनावरं कुठे ठेवायची हा प्रश्न आला, तेव्हा त्यातलं एक यांनी हौसेने मागून घेतलं. रेवसच्या धक्क्यावरून दुधाच्या कॅनमध्ये घालून, मांडीवर धरून, हे ते घरी घेऊन आले. लग्नाच्या वरातीत मी शेजारी बसले होते तेव्हा यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. कॅनमध्ये मात्र दर कोसाला डोकावले असणार.

वीतभर लांब, पांढरटगुलाबी अंगाची, चार पायांची पाल. डोक्याच्या दोन्ही बाजूंना लाल तुरे, पिसांसारखे, पाण्यात हलकेच हलणारे. तोंड असं की कायम हसते आहे असं वाटावं. हे म्हणाले, "आई, हा ॲक्सोलॉटल."

सासूबाई म्हणाल्या, "अक्कल वाटली? मग तुला गावली का रं थोडी?"

घरात ती शेवटपर्यंत पालच राहिली. मागच्या पडवीत गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण होती, ती घासूनपुसून तिच्यासाठी केली. तिला गार पाणी लागतं म्हणून डोणीभोवती ओलं तरट गुंडाळलं. उजेड सोसत नाही म्हणून वर नारळाच्या झापाचं छप्पर केलं. दुपारी ऊन तापलं की हे शाळेतून मधल्या सुट्टीत सायकल मारत येत आणि पाण्यात बोट घालून बघत. कोळीवाड्यात मासळीसाठी बर्फ येई, त्यातला एखादा खडा लाकडाच्या भुशात गुंडाळून आणत. माझ्या खोलीची खिडकी पश्चिमेला होती आणि संध्याकाळचं ऊन थेट माझ्या अंथरुणावर पडे. तिला कधी कुणी झाप लावलं नाही.

शाळेतून आले की चप्पल न काढता थेट पडवीत. "काय बाईसाहेब, जेवलात का?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी चुलीपाशी होते आणि माझ्या हातात भाकरीचं पीठ होतं. मी जेवले का, हे त्या घरात मला कुणीही विचारलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका पालीचा हेवा करणारी बाई हसण्यावारी जाते, हे मला कळत होतं. कळून काय उपयोग? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

थोड्या दिवसांनी पाल खाईनाशी झाली. वाडीतून खणून आणलेली गांडुळं तिच्या नाकासमोर वळवळत आणि ती ढुंकून बघत नसे. यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सासूबाईंना म्हणाले, "एकटी आहे म्हणून बुजलीय. तिला सोबत बघायला हवी."

त्या पोटभर हसल्या. "म्हंजे पालीला पाठराखीण म्हण की!"

मी आत होते. मीही गेले सहा महिने धड जेवत नव्हते, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. यांच्या शास्त्रात ते कुठे बसत नव्हतं, बहुतेक.

मग सुरू झाली चौकशी. माझं लग्न ठरताना काय चौकशी झाली होती? पत्रिका बघितली, गोत्र बघितलं, मुलगा नोकरीला आहे, घरची वाडी आहे. झालं. त्याचा स्वभाव कसा, तो बोलतो का, पोरीशी त्याचं जमेल का, हे विचारायचं असतं हे माझ्या वडिलांच्या, आबांच्या, डोक्यातही आलं नाही. आणि इथे एका पालीसाठी हे दिवसदिवस विचार करत होते. अंगाने लहान नको, ती गिळून टाकील. मोठा नको, तिला गिळील. चावरा नको. फार चपळ नको, तिच्या तोंडचा घास पळवील. गोड्या पाण्यातला हवा, गारव्याला टिकणारा हवा. ऐकून ऐकून मला वाटायचं, जन्म घ्यावा तर पालीचा.

पहिल्यांदा ओढ्यातले छोटे मासे आणून सोडले. त्यांना पालीचे ते लाल तुरे म्हणजे गांडुळंच वाटली. सकाळी बघितलं तर एक तुरा अर्धा कुरतडलेला. हे असे कळवळले की मी पदर तोंडावर धरला. रडू नव्हतं, तो राग होता. मग कोळंब्या आणल्या. त्या दोन दिवसांत गायब झाल्या आणि पालीचं पोट फुगलं. खायला लागली म्हणून हे खूश, सोबत संपली म्हणून नाखूश. मग रेवदंड्याच्या खाडीतून एक निवटी आणली. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा मासा, डोक्यावर डोळे वटारलेला. ती खाऱ्या पाण्यातली. हे म्हणाले, गोड्यातही तग धरील, पण तिला डोण मानवेना. तिने उडी मारली ती सासूबाईंच्या तांदळाच्या सुपात. सासूबाईंनी तिची रवानगी दुपारच्या कालवणात केली, आणि शप्पथ सांगते, त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

शेवटी आली एक पिटुकली चिंबोरी, खेकड्याची जात. हे म्हणाले, हिची नांगी अजून कोवळी आहे. कोवळ्या नांगीने पालीचा पुढचा पंजा कातरला.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. पण नवल पुढेच आहे. थोड्याच आठवड्यांत त्या थोट्या जागी बारीक कोंब आला, मग बोटं आली आणि पंजा होता तसा परत झाला. हे घरभर सगळ्यांना हात धरून नेत होते. मलाही म्हणाले, "बघ!" तो माझ्या वाट्याचा चौथा शब्द. मी बघितलं. मला माहेरापासून कातरलं त्याला तेव्हा आठ महिने झाले होते, आणि माझं काहीही कुठे फुटलं नव्हतं. देवानेसुद्धा द्यायचं ते तिलाच दिलं होतं.

त्याच सुमारास चांगुणा आमच्या अंगणात आली. चांगुणा कोळीण, मासळीची पाटी घेऊन पुढल्या दाराला यायची. मागल्या पडवीतलं प्रकरण तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिने पाटी उतरवली, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि न सांगता दोन बोंबील जास्तीचे टाकले.

"ऱ्हाऊं दे गो. खा. अंगाला लागंल."

"का गं मावशी?"

तिने इकडेतिकडे बघितलं. "मास्तर मना बंदरावर भेटला. बोल्ला, घरान एकटी हाय, खात न्हाय, तिला सोबत बग. तिच्याच अंगाची, गरीब, चावरी नको. मी बोल्ली, अवं मास्तर, वरीस तरी होऊं द्या! तं हसला नि गेला."

क्षणभर वाटलं, हे दुसरी बायको बघताहेत. मग कळलं. मी तिला हाताला धरून मागे नेलं आणि डोण दाखवली. चांगुणा आधी दचकली, मग उंबऱ्यावर बसून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले. पण तिची पाठ वळल्यावर हसू कुठल्या कुठे गेलं. "घरी एकटी असते, खात नाही, तिला सोबत हवी." हे वाक्य माझ्या नवऱ्याने भर बंदरावर उच्चारलं होतं. बाई म्हणून ऐकलं तर त्यातलं अक्षर न् अक्षर माझं होतं. चांगुणाची चूक नव्हतीच. ऐकणाऱ्या कुणीही माझंच नाव घेतलं असतं, एक सांगणारा सोडून.

चांगुणा मला सांगायच्या आधी अलिबागच्या बाजारात सांगून बसली होती. बाजारात तळ्याची एक ओळखीची बाई आली होती. पुढचं सांगायला नको. संक्रांत झाली आणि एका दुपारी एसटीतून आबा उतरले, काखेत छत्री, मागे सुमी आणि तिचं बोचकं. आबा ओटीवर बसले ते पागोटंही न काढता. लेकीच्या घरचं पाणी ते पीत नसत. त्या दिवशी विचारायचीही कुणाची छाती झाली नाही.

"आमच्या पोरीत काय कमी पडलं, तेवढं सांगा," आबा म्हणाले.

सासूबाई बावरल्या. "कमी? काय झालं काय, व्याही?"

"दुसरी बघताय म्हणं. हिच्याच अंगाची. गरीब. न चावणारी." शेवटच्या शब्दाला आबांचा आवाज फाटला. "आमची पोर कुनाला चावली?"

यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. कानापर्यंत लाल झाले. आबांना मागच्या पडवीत घेऊन गेले. आबा डोणीवर वाकले. पाल वर आली आणि आबांकडे बघून तिचं ते नेहमीचं हसू हसली.

"ही?" आबा म्हणाले. "ही व्हय?"

मग हे सोडून अख्खं घर हसलं. पण हसून झाल्यावर आबांनी माझं मनगट धरलं, बांगड्या वर सरकवून बघितल्या, आणि यांना म्हणाले, "पोर वाळली माझी. सुमीला ठेवून जातो. तिची सातवी झाली, घरीच हाय. पालीला मिळंना तर न्हाय, हिला तरी पाठराखीण असू दे."

सुमी राहिली. मला आकाश ठेंगणं झालं. विहिरीवर, वाडीत, चुलीपाशी, आम्ही दोघी दिवसभर बोलत होतो. आठ महिन्यांचं साचलेलं मी आठ दिवसांत ओतलं. आणि नवव्या दिवशी पडवीतून हसण्याचा आवाज आला. पुरुषाचा, मोठा, मोकळा. मला वाटलं कुणी पाहुणे आले. जाऊन बघते तर हे हसत होते. लग्नानंतर मी पहिल्यांदा यांचं हसणं ऐकलं आणि ते सुमीसाठी होतं.

सुमी पालीला मुळीच भ्यायली नाही. गांडूळ चिमटीत धरून पाण्यात नाचवायची. "दाजी, हिला दात हायत का? दाजी, ही झोपते कवा? दाजी, हिला माणूस वळखू येतो का?" दाजी सगळ्याची उत्तरं देत होते. पालीला तिच्याच जातीची, तिच्याच अंगाची सोबत सगळ्यात बरी, असं सांगत होते. तरी घास टाकताना जपावं लागतं, नाहीतर एकमेकींचे पाय ओढतात, असंही सांगत होते. सुमी डोळे मोठे करून ऐकत होती. सोळा वर्षांची, गोल चेहऱ्याची, माझ्याच अंगाची. मी खांबाला टेकून उभी होते. त्या संध्याकाळी आमटीत मीठ दोनदा पडलं.

पालीचा हेवा एक वेळ परवडला. ती बोलत तरी नव्हती. सख्ख्या बहिणीचा हेवा म्हणजे घशात अडकलेला काटा, गिळताही येत नाही आणि दाखवताही येत नाही. तिची वेणी मी घालत होते आणि घालताना मुद्दाम घट्ट ओढत होते. ती "आई गं" म्हणाली की बरं वाटायचं. आज तिची नातवंडं मोठी झाली आहेत, रोह्याला असते, दर दिवाळीला तिचा फोन येतो. तरी ते हसणं आठवलं की माझी बोटं आपोआप आवळतात. गेलं ते गेलं असं म्हणणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. माझं काही जात नाही.

एका दुपारी सुमी विहिरीवर गेली होती. हे डोणीपाशी एकटे होते. मी गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले.

"तुम्ही हिच्याशी बोलता. सुमीशी बोलता. माझ्याशी काय वैर आहे तुमचं?"

हे पाण्यात बोट घालून गारवा बघू लागले.

"सुमी पोर आहे," हे म्हणाले. "तिच्याशी बोलायला काही लागत नाही. ही मुकी आहे. तुझ्याशी काय बोलायचं, ते मला येत नाही."

"शाळेत साठ पोरांना शिकवता ना?"

"तिथं पुस्तक असतं."

मला हसू आलं नाही. एवढा शिकलेला माणूस आणि बायकोशी बोलायला पुस्तक मागतो! मी म्हटलं, "आणि हिच्या सोबतीचं काय ठरलं?"

"एकटीच ठेवायची. काहींना एकटंच मानवतं."

"तिला विचारलंत?" एवढं बोलून मी आत गेले. दुसऱ्या दिवसापासून हे जेवताना एकेक वाक्य बोलू लागले. "आज गारठा आहे." "सुपारी बरी धरलीय." परीक्षेला बसलेल्या पोरासारखे, घाम पुसत. मी "हं" म्हणत होते. एवढ्यावर भागणार नव्हतं. सुमीला हसू मिळत होतं आणि मला हवापाणी.

माघ सरत आला, दुपारी ऊन चटका देऊ लागलं. प्रयोगशाळेचं छप्पर झालं होतं. हे पालीला परत कॅनमध्ये घालून मुंबईला पोचवून आले. डोण रिकामी झाली. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझी सगळी जळजळ एव्हाना दुसरीकडे वस्तीला गेली होती.

आणि चार दिवसांनी आबा सुमीला न्यायला आले. तिला बघायला माणगावहून पाहुणे येणार होते. मुलगा काय करतो, विचारलं तर आबा म्हणाले, "नोकरीला हाय." झालं. सुमी बोचकं बांधायला गेली.

वाडीत त्या संध्याकाळी पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगा भरायच्या, मडकं उलटं ठेवायचं आणि वरून जाळ करायचा. आबा खायला तयार नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "ह्यो काय घरातला घास न्हाय. उघड्यावरचं हाय, चालतंय." तेव्हा बसले. मडकं फोडलं, वाफ उठली, सगळे शेंगांवर तुटून पडले. यांच्या एका बाजूला सासूबाई होत्या, समोर आबा, पलीकडे आम्ही दोघी.

आबा सासूबाईंना म्हणाले, "थोरलीलाबी चार दिस धाडता का? आई वाट बघतीय तिची."

माझा हात थांबला. वैशाखापासून मी या वाक्याची वाट बघत होते. सासूबाई म्हणाल्या, "जाऊं दे की. माझं काय न्हाय."

"नको," हे म्हणाले.

सगळे यांच्याकडे बघायला लागले. आईने हो म्हटल्यावर नको म्हणणारा मुलगा त्या वाडीत कुणी पाहिला नव्हता. हे शेंगेकडे बघत होते, कान लाल झाले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"ती गेली तर मला करमणार नाही."

आईसमोर. सासऱ्यासमोर. त्या काळी नवरा-बायको चारचौघांत एकमेकांकडे बघतही नसत. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. आबा एकदम मडक्याच्या खापऱ्या गोळा करायला लागले, जशी काही त्यांची फारच घाई होती. मी खाली मान घातली होती, पण एकदा नजर वर गेली, आणि सुमी दिसली.

तिच्या हातात अर्धी सोललेली शेंग होती. ती यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते ओळखायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. पूर्ण थंडीभर मी ते आरशात बघितलं होतं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझा हेवा करत होतं. तळ्याला आई वाट बघत होती, आणि मला त्या घटकेला आईची आठवणसुद्धा आली नाही.

मी ओंजळ भरून गरम शेंगा घेतल्या आणि सुमीच्या पुढ्यात ओतल्या.

"खा गं बाई, गार होतील," मी म्हटलं. इतक्या गोड आवाजात मी तिच्याशी त्याआधीही कधी बोलले नव्हते, आणि त्यानंतरही नाही.